शिवांजलीची बरणी

माझा राग आणि माझा मध, दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सारखेच ठाऊक आहेत. फुटबॉलची मॅच जिंकली की तालमीतली पोरं आमच्या दुकानाच्या पायरीवर फटाक्यांची माळ लावायची. एकदा मी माडीच्या खिडकीतून एकच हाक मारली, तर जिंकलेली आणि हरलेली अशी दोन्हीकडची पोरं एकाच बोळातून पळाली. त्याच पोरांचा मॅचभर ओरडून घसा बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. ‘काकू, जरा मध द्या की.’ मी आधी बोलायची आणि मग द्यायची.

नाव माझं शांतादेवी. आईवडिलांनी पाळण्यात ठेवलं, त्यांना तरी काय कल्पना! खरे शांत ते माझे यजमान, मल्लाप्पा. खाली आमचं किराणा मालाचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक भांडायला येतं आणि चहा पिऊन, घरची ख्यालीखुशाली सांगून परत जातं. कशासाठी आलो होतो ते त्याला कोपऱ्यावर गेल्यावर आठवत असेल. आमचा एकुलता एक सोमशेखर, म्हणजे सोमू, तोही बापावर गेलेला.

तर मध. माझा मध म्हणजे नुसता मध नव्हे, त्यात मी पाला मुरवते. राधानगरीकडचा केरबा दर वैशाखात जांभळीच्या फुलोऱ्याचा मध आणतो. मग माझं काम सुरू. तुळस, अडुळसा, ओव्याची पानं, आल्याच्या चकत्या, ज्येष्ठमधाच्या काड्या. पाला धुवायचा, पुसायचा, सुपात पसरून माळ्यावर सावलीत आठ-दहा दिवस ठेवायचा. पान चिमटीत धरलं की त्याचा चुरा झाला पाहिजे. नुसतं वाकलं तर परत सुपात. चिनीमातीची बरणी उन्हात तापवून घ्यायची, अर्धी पाल्यानं भरायची, वरून मध सोडायचा आणि लाकडी चमच्यानं तळापासून ढवळून आतली हवा काढायची. मग रोज सकाळी कोरड्या चमच्यानं वर आलेला पाला खाली दाबायचा. असा दीड महिना. त्यानंतर मलमलीतून गाळायचा. उरलेला पाला मी टाकत नाही, तो आठवडाभर आमच्या चहात जातो.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे पाणी. ते एक थेंबही आत जाता कामा नये. हे मला कुणी शिकवलं नाही, मी फजितीतून शिकले.

१९९४ सालची गोष्ट. मठातले स्वामी आमच्या घरी पादपूजेला येणार होते. त्यांच्यासाठी मध करायचा म्हणून मी मडीनं बसले. मडी म्हणजे आमच्या लिंगायतांच्या घरातलं सोवळं. डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओलेत्यानंच कामाला लागायचं, कुणी शिवायचं नाही. पाला मी आधीच नीट वाळवला होता, पण स्वामींच्या पोटात जायचा म्हणून पुन्हा एकदा पाण्यातून काढला. केसांतून थेंब बरणीत पडत होते, आणि माझी भक्ती एवढी उतू चाललेली की मला तेही पवित्रच वाटलं. वरून झाकण घट्ट बसवून दोरी आवळली.

पाचव्या दिवशी दुपारी फडताळात धडाम आवाज झाला. दोरी तुटून झाकण दाराला आपटलं होतं. मध फसफसून खालच्या फळीवरच्या साबूदाण्यात उतरला होता आणि घरभर ताडीचा वास सुटला होता. स्वामींच्या ताटात मी ताडीच वाढणार होते! मी कपाळाला हात लावून बसले. मल्लाप्पा दुकानातून वर आले, सगळं बघितलं आणि नेहमीच्या संथपणानं म्हणाले, “अगं, मध दाट असतो तवर त्याच्यातलं समदं झोपल्यालं असतंय. तू पाणी मारून उठीवलंस.”

शाळेत चौथीच्या पुढं न गेलेला माणूस, पण हे वाक्य मी कधी विसरले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २००० साली दिवाळीच्या सुमारास सौंदर्याचं, म्हणजे माझ्या सुनेचं, डोहाळजेवण झालं. सातवा महिना होता. पोर गुणी, मला आत्या म्हणते, पण आवाज इतका मऊ की ‘भाजी वाढू का’ म्हणाली तरी ‘काय म्हणालीस’ असं दोनदा विचारावं लागतं. तिची आई अंबूबाई हातकणंगल्याची. घरची शेती, हाताखाली दहा माणसं, आणि आवाज माझ्या तोडीचा. अंबूबाईशी बोलताना मला कधी घसा राखून बोलावं लागलं नाही, म्हणून मला ती आवडायची.

येणाऱ्या बाळासाठी मी वेगळी बरणी घातली होती. नुसती तुळस आणि ज्येष्ठमध, तिखट काही नाही. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांना ती मी कौतुकानं दाखवली. आमच्याकडे मूल जन्मलं की सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेला लावतात. ज्याच्या हातून तो पहिला मध पोटात जातो, त्याचा स्वभाव मुलात उतरतो असं सगळे मानतात. सोमूला माझ्या सासऱ्यांनी मध चाटवला होता. ते म्हणजे मल्लाप्पांच्याही वरचे, त्यांना मुंगी चावली तर ते मुंगीची चौकशी करायचे.

अंबूबाईनं बरणी हातात घेतली, वास घेतला, मान डोलावली आणि पन्नास बायकांसमोर म्हणाली, “ईनबाई, मध तुमचाच. त्याला तोड न्हाय. पर हात दादांचा.”

दादा म्हणजे मल्लाप्पा.

“का? माझ्या हाताला काय काटं हायत?” मी विचारलं.

“काटं जिभेला हायत की! आणि पोरगी झाली तर? तुमचा सोभाव घिऊन ती कुठं नांदायची?”

बायका हसून हसून वाकल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन. ‘बरं, दादांचा हात,’ असा शब्दही देऊन टाकला.

पण सरळ सांगते, मला फार वाईट वाटलं. पाहुण्या गेल्यावर मी पातेली दोन-दोनदा घासली, तरी मनातलं जाईना. सोमू माझ्या पोटचा, पण त्याच्यात माझं असं काही दिसत नाही. नाक बापाचं, चाल आजोबांची, रागावणं तर त्याला येतच नाही. मी गेल्यावर या घरात माझं म्हणून काय राहणार, दोन चिनीमातीच्या बरण्या? मध माझा, पाला माझा, वर्षानुवर्षांची मेहनत माझी आणि हात तेवढा दुसऱ्याचा. मी मनाशी पक्कं केलं की पहिला मध माझ्याच हातून लागेल. कुणाला कळायचंही नाही. नंतर मल्लाप्पा बापडे लावू देत दुसरं बोट.

फेब्रुवारीत सौंदर्याला मुलगी झाली. कोल्हापुरातल्याच दवाखान्यात, पहाटे. सोमूचा फोन आला तशी मी अंघोळ केली, अंग कोरडं केलं, सासूबाईंची अंगठी बोटात घातली, मधाची छोटी बाटली कनवटीला लावली आणि रिक्षानं निघाले. आठ वाजता पोचले तर देवानं सगळं जुळवून ठेवलेलं. अंबूबाई अंघोळीला गेलेली, सोमू औषधं आणायला, सौंदर्या डोळे मिटून पडलेली. पाळण्यात लाल मिरचीसारखं एक गाठोडं वळवळत होतं.

मी नातीला मांडीवर घेतलं. तिनं तोंड उघडलं आणि असा सूर लावला की मला भरून आलं. मी बाटली उघडली, अंगठी बुडवली. ओठापासून दोन बोटांवर हात होता.

“आजी! काय देताय ते?”

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. तरुण, चष्मेवाल्या.

“मध. घरचा हाय.”

“नको. एक वर्षाची होईपर्यंत मध अजिबात नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या मधाला नको म्हणता? अवो बाई, आधी चाखून तर बगा!” मी बाटली त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, बाई नाक मुरडतील. पण त्यांनी कोपऱ्यातला चमचा घेतला, त्यावर मध ओतून घेतला आणि खरोखरच चाखला. डोळे मिटून गिळला.

“फार छान आहे. मला एक बाटली हवी,” त्या म्हणाल्या. “पण हिला नाही. आजी, कितीही शुद्ध मध असला तरी त्यात कधीकधी एका जंतूची बी असते. तुमच्या-माझ्या पोटात ती रुजत नाही, झोपूनच राहते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ती जागी होऊ शकते. मग बाळ लुळं पडतं. दूध ओढत नाही. रडण्याचा आवाज जातो. श्वाससुद्धा अडतो. क्वचित होतं, पण ते कुणाच्या बाळाला होईल ते आधी सांगता येत नाही.”

“उकळून दिला तर?”

“उकळून ती बी मरत नाही.”

झोपून राहते आणि जागी होते. मला फडताळातला तो धडाम आवाज ऐकू आला. जिथं कोरडं असतं तिथं काही होत नाही, आणि जिथं ओल असते तिथं झोपलेलं उठतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगायची गरज नव्हती. साबूदाण्यातून मध निपटताना मी ते स्वतः बघितलं होतं. दोन तासांचं पोट म्हणजे ओलं पानच की. आणि मी त्यावर मध सोडायला निघाले होते, तोही चोरून! ज्या घरात माझी हाक तालमीपर्यंत जाते, त्या घरातल्या पोरीचा आवाज माझ्याच हातानं गेला असता तर? मी अंगठीचा हात पदराखाली घेतला. डॉक्टरीणबाईंनी बाळ माझ्याकडून घेऊन पाळण्यात ठेवलं. जाताना ‘घरात सगळ्यांना सांगा’ म्हणाल्या. मी अंगठी धुतली, पुसली आणि खिडकीपाशी तोंड फिरवून थोडी रडले.

तासाभरात सगळे जमले. अंबूबाई आली ती अंगठी काढतच. “ईनबाई, काढा मध. दादा, हिकडं या.”

“मध द्यायचा न्हाय,” मी म्हटलं. “डॉक्टरनं सांगितलंय. एक वरीस न्हाय.”

अंबूबाईनं माझ्याकडे नीट बघितलं. “डॉक्टर तर पाणीबी पाजू नका म्हणत्यात. आमी समदी मध चाटूनच वाढलाव की! कोण मेलं?”

“मेलं त्येंचं कुणी सांगत न्हाय.”

“दिवाळीत बरणी मिरवत हुतासा. तवा मध अमृत हुता. तुमच्या हाताला न्हाय म्हटलं, आणि आता इख झाला व्हय?”

म्हणजे सगळ्यांना वाटलं, शांताकाकू रुसली. हात नाकारला म्हणून मध देत नाही. सोमूलाही तसंच वाटलं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. सौंदर्या उशीवरून म्हणाली, “आई, डॉक्टर खरंच म्हणाल्या.” पण ती बोलली कधी आणि ऐकलं कुणी! आणि मी तरी काय सांगणार होते? चोरून मध लावायला गेले आणि पकडले गेले, हे? ते माझ्या घशातून बाहेर येईना.

अंबूबाई मात्र माझ्यासारखी नव्हती. ती म्हणाली, “मी चोरून देणारी बाई न्हवं. बारशाला देणार. आमच्या बांधावरच्या मोहळाचा मध, दादांचा हात आणि समदा गाव समोर.” चोरून हा शब्द तिनं सहज वापरला, पण मी खाली बघितलं.

बाळंतीण माहेरी गेली आणि मी रोज सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला जायला लागले. कधी डिंकाचे लाडू, कधी बाळंतशेपा, कधी नुसत्या दुपट्यांच्या घड्या, काहीतरी निमित्त घेऊन जायची आणि संध्याकाळी परत. मुलाच्या आईनं असं रोज विहिणीच्या दारात जाऊन बसायचं नसतं, हे मला कळत होतं. अंबूबाईलाही सगळं कळत होतं. ती आल्या-गेल्याला सांगायची, “पहाऱ्याला आल्यात.” सांगू दे. मी तिचा चहा पीत होते आणि पाळणा माझ्या नजरेसमोर होता.

मल्लाप्पांना मी रोज बजावत होते. “अवं, बारशाला अंगठी हातात दिली तर न्हाय म्हणायचं.” ते म्हणायचे, “बघू.” त्यांचं बघू म्हणजे काय ते बत्तीस वर्षं मी बघत आले होते.

बाराव्या दिवशी बारसं झालं. दारात मांडव होता. जंगमस्वामी आले, लिंगधारणा झाली, नाव शिवांजली ठेवलं. साठ-सत्तर माणसं होती, आणि मांडवभर जिलेबीचा वास. अंबूबाईनं चांदीची वाटी आणली आणि अंगठी मल्लाप्पांच्या हातात दिली.

मल्लाप्पांनी वाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी त्या साठ-सत्तर माणसांकडे बघितलं, आणि मला समजलं, हे नाही म्हणणार नाहीत. वाईट मनानं नव्हे. या माणसानं आयुष्यात कुणालाच ‘नाही’ म्हटलेलं नाही, ते आज कसं म्हणणार? त्यांचा हात हळूहळू वाटीत गेला, बाहेर आला आणि पाळण्याकडे निघाला.

मी उठले, दोन माणसांना ओलांडून गेले आणि त्यांचं मनगट धरलं. अंगठीवरचा मध माझ्या तोंडात घातला. मग अंबूबाईच्या हातातली वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर ती उभ्यानं पिऊन टाकली. तिच्या बांधावरचा मध चांगला होता, एवढं कळलं.

मग अंबूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला होता. “झालं समाधान? तुमचा हात न्हाय, तर कुणाचाच न्हाय. माझ्या दारात, माझ्या नातीच्या बारशाला.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडणारी अंबूबाई मला चालली असती, रडणारी चालली नाही. मग मी बोलले. हळू बोलायला मला येत नाही, म्हणून मागं बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल.

“ईनबाई, मी रुसले न्हाय. मी चोर हाय. दवाखान्यात तुम्ही अंघोळीला गेलता, तवा मी अंगठी मधात बुडवून पोरीच्या तोंडापाशी नेलती. तुम्हाला दिलेला शब्द मोडून. माझा गुण तिच्यात उतरावा म्हणून. डॉक्टरनं हात धरला न्हाय, नुसती हाक मारली, म्हणून वाचली. मध मला परका न्हाय, त्याच्यात काय झोपतंय आणि कशानं उठतंय ते मी बघितलंय. तुमच्या हातावर, दादांच्या हातावर माझा राग न्हाय. माझ्याच हातावर हाय. आता काय म्हणायचं ते म्हणा.”

“खरं?” अंबूबाईनं विचारलं.

पाळण्याच्या पलीकडून सौंदर्या म्हणाली, “खरं हाय, आई. मी जागी होते. समदं ऐकलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तुला दोनदा सांगितलं, तू ऐकलं न्हाईस. आत्यांचं तेवढं सांगितलं न्हाय. त्यांची लाज गेली असती.”

इतकी वाक्यं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. माझी लाज या पोरीनं बारा दिवस झाकून ठेवली होती, आणि मी तिला मऊ म्हणत होते.

अंबूबाईनं मल्लाप्पांच्या हातातली अंगठी घेतली, पदरानं पुसली आणि पदराच्याच टोकाला गाठ मारून बांधली. “एक वरीस,” ती म्हणाली. “पर वरसानं हात दादांचाच. शब्द हाय.”

“शब्द हाय,” मी म्हटलं. या वेळी खरा दिला.

परत आल्यावर मी बाळाच्या बरणीतला मध मलमलीतून गाळला, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून तीन गाठी मारल्या आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. पेठेत बोलणाऱ्यांची तोंडं काय, उघडीच असतात. शांताकाकू स्वतःच्या नातीला मध देत नाही, म्हणजे त्यात काकवी मिसळत असणार, अशी एक हवा पसरली. ती कुणी पसरवली ते कळल्यावर मी त्या बाईला जिन्यात उभी केली आणि मध आणि काकवी शेजारीशेजारी चाखायला लावली. वर वर्षाच्या आतल्या पोराला मध का द्यायचा नाही तेही ऐकवलं. त्यानंतर पेठेत कुठल्याही घरी पाळणा हलला की मला मध मागायला नाही, विचारायला बोलवायला लागले. मी जायची आणि नाही म्हणून यायची. नाही म्हणण्यात मी आधीपासूनच पटाईत.

शिवांजली तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे आली. सौंदर्या शाळेत शिकवायला जायला लागली तशी पोर दिवसभर माझ्यापाशी. मी पाला निवडायची, ती सुपात बसायची. मी पोरांना खिडकीतून ओरडले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं, बघून घे बाई, मधातून तर तुझ्या आजोबांचाच गुण यायचाय.

वर्ष झालं. २००२ चा फेब्रुवारी. थंडीनं बरणीतला मध बसला होता, तुपासारखा दाणेदार. मी तीन गाठी सोडल्या, बरणी दोन दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवली, तेव्हा तो पुन्हा पातळ झाला. रंग असा आला होता की डॉक्टरीणबाईंना पाठवायची बाटली मी आधी भरून ठेवली. वाढदिवसाला हातकणंगल्याची माणसं आली. मल्लाप्पा इस्त्रीचा सदरा घालून, शिवांजलीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मी वाटीत मध काढला, त्यांच्यासमोर ठेवला आणि मागे जाऊन दाराला टेकून उभी राहिले. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण शब्द तो शब्द.

अंबूबाई पुढे आली. पदराची गाठ सोडून अंगठी काढली. मल्लाप्पांनी हात पुढे केला, तर ती त्यांना ओलांडून माझ्यापाशी आली आणि अंगठी माझ्या तळहातावर ठेवली.

“धरा,” ती म्हणाली.

“शब्द दादांचा हुता.”

“शब्द मी घेतलता, मी सोडला.” तिनं मल्लाप्पांकडे वळून हात जोडले. “दादा, राग मानू नका. तुमच्यासारखा माणूस न्हाय. पर त्या दिवशी मांडवात तुमाला ठावं असून न्हाय म्हणता आलं न्हाय. माझी लेक दोनदा बोलली, मला तिचं ऐकू आलं न्हाय. आमच्या घरातल्या पोरींचं कुणाला ऐकूच येत न्हाय. ह्या बाईनं साठ माणसांत वाटी वडून घेतली, सोताची लाज सांगितली, आणि माझी नात आज हितं बसलीया. मला नातीत त्योच गुण पायजे.”

“मग ती कुठं नांदायची?” मी विचारलं.

“तिला पायजे तितं नांदंल. न पटलं तर तसं सांगंल की!”

मल्लाप्पा हसले. खुर्चीतून उठले, पोर माझ्या हातात दिली आणि वाटी स्वतः धरून उभे राहिले.

मी अंगठी बोटात घातली, बोट मधात बुडवलं आणि शिवांजलीच्या ओठांना लावलं. तिनं आधी जीभ बाहेर काढून नुसतं चाचपलं. कपाळाला आठी घातली. मग तोंड उघडून अंगठीसकट माझं बोट आत घेतलं आणि दात रोवले. वरचे दोन, खालचे दोन, चारही. सौंदर्या म्हणाली, “आत्या, बोट काढा, चावेल ती.”

ती केव्हाच चावली होती. चांगलं दुखत होतं. मी बोट काढलं नाही.